डोरियन ग्रेचं पाप नेमकं कोणतं? एकाच कादंबरीवर वाचकांची मतं इतकी वेगळी का पडतात

'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' या कादंबरीचं नाटक गेल्या काही वर्षांत गाजलं. सारा स्नूक या अभिनेत्रीने त्यात एकटीने २६ भूमिका केल्या. त्यासाठी तिला लंडनमध्ये २०२४ चा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला आणि न्यूयॉर्कमध्ये २०२५ चा टोनी. नाटकाच्या निमित्ताने ऑस्कर वाइल्डच्या या एकुलत्या एका कादंबरीकडे अनेकजण पहिल्यांदाच वळतात आणि वाचून झाल्यावर एकमेकांशी वाद घालतात. कुणाला ती करकरीत नीतिकथा वाटते, तर कुणाला भोगवादाची जाहिरात. कुणाला त्यात एका चित्रकाराचं न बोललेलं प्रेम दिसतं. एका नटीचा जीव गेला आणि पुस्तकाला त्याचं काहीच वाटलं नाही, म्हणून कुणी संतापतं. संवाद झकास आहेत, पण एकही माणूस जवळचा वाटला नाही, अशी तक्रार तर बहुतेक ठिकाणी ऐकू येते.

यातलं प्रत्येक मत पुस्तकात कशाला ना कशाला धरून आहे. वाइल्डने कादंबरी रचलीच अशी की वाचक आपल्या पदरचं काहीतरी घातल्याशिवाय ती पुरी करू शकत नाही. ही रचना चालते कशी आणि वाचक नेमके कुठे फसतात, ते पाहू. पुढे कथानक शेवटापर्यंत उघड केलेलं आहे.

आधी गोष्ट

लंडनमधला चित्रकार बॅझिल हॉलवर्ड हा डोरियन ग्रे नावाच्या अतिशय देखण्या तरुणाचं व्यक्तिचित्र काढतो. स्टुडिओत बॅझिलचा मित्र लॉर्ड हेन्री वॉटन डोरियनला भेटतो आणि सांगतो की तारुण्य हीच एक मिळवण्याजोगी गोष्ट आहे आणि ते झपाट्याने सरतं. डोरियन हादरतो. चित्राने म्हातारं व्हावं आणि मी असाच राहावं, त्यासाठी आत्माही देईन, असं तो बोलून जातो. ते खरं होतं.

पूर्व लंडनमधल्या एका स्वस्त थिएटरातल्या सिबिल व्हेन या सतरा वर्षांच्या नटीशी तो लग्न ठरवतो. प्रेमात पडल्यावर तिचा अभिनय बिघडतो आणि तो तिला क्रूरपणे झिडकारतो. त्याच रात्री चित्रातल्या ओठांपाशी क्रौर्याची एक रेघ उमटलेली त्याला दिसते. सिबिल विष घेऊन मरते. डोरियन चित्र घराच्या वरच्या मजल्यावरच्या जुन्या अभ्यासाच्या खोलीत नेऊन कुलूपबंद करतो. मधे बरीच वर्षं जातात. अडतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री तो बॅझिलला ते चित्र दाखवतो आणि त्याचा खून करतो. शेवटी त्याच सुरीने चित्रावर वार करतो. नोकर दार उघडतात तेव्हा भिंतीवर तेजस्वी तरुणाचं चित्र असतं आणि जमिनीवर एक सुरकुतलेलं प्रेत. ते कुणाचं, हे बोटांतल्या अंगठ्यांवरून कळतं.

लेखकाने काय लिहिलेलं नाही

त्या मधल्या वर्षांत डोरियन करतो काय? बाराव्या प्रकरणात बॅझिल त्याला जाब विचारतो. लष्करातल्या एका तरुणाने आत्महत्या का केली? सर हेन्री ॲश्टनला नाव गमावून इंग्लंड का सोडावं लागलं? एड्रियन सिंगलटनची अशी वाट का लागली? नावांची यादी लांबत जाते. डोरियनने या माणसांचं नेमकं काय केलं, हे मात्र कुठेच येत नाही.

चौदाव्या प्रकरणातला प्रसंग तर जवळून पाहण्यासारखा आहे. प्रेताची विल्हेवाट लावायला डोरियन ॲलन कॅम्पबेल या रसायनशास्त्रज्ञाला बोलावतो. ॲलन साफ नकार देतो. मग डोरियन एका कागदावर काहीतरी लिहितो, दोनदा वाचतो, नीट घडी घालतो, टेबलावरून ॲलनकडे सरकवतो आणि उठून खिडकीशी जाऊन उभा राहतो. ॲलन कागद उघडतो. त्याचा चेहरा पांढरा पडतो आणि तो कबूल होतो. कागदावर काय होतं? कादंबरी संपेपर्यंत ते कळत नाही.

अशा जागांना वोल्फगँग इझर या जर्मन अभ्यासकाने १९७० च्या दशकात एक नाव रूढ केलं. त्याला आपण 'रिकामी जागा' म्हणू. मजकुरात मुद्दाम सोडलेली फट वाचकाला स्वतःच्या अनुभवाने, भीतीने किंवा कुतूहलाने भरावी लागते. चाळीत एखादी खोली सतत बंद असली की प्रत्येक बिऱ्हाड तिच्याबद्दल वेगळी गोष्ट सांगतं, आणि त्या गोष्टींवरून खोलीपेक्षा सांगणाराच जास्त कळतो. इथेही तसंच होतं. पैशाच्या व्यवहारात पोळलेल्या वाचकाला तिथे फसवणूक दिसते, कुणाला लैंगिक संबंध, कुणाला अफू.

वाइल्डला हे पक्कं ठाऊक होतं. १८९० मध्ये 'स्कॉट्स ऑब्झर्व्हर'ला पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिलं, की डोरियन ग्रेमध्ये प्रत्येकाला स्वतःचं पाप दिसतं. डोरियनची पापं कोणती हे कुणालाच माहीत नाही. ज्याला ती सापडतात त्याने ती सोबत आणलेली असतात.

याच कारणाने या कादंबरीवरचा चित्रपट वाचकाला थोडा उणा वाटतो. १९४५ च्या हॉलिवूडपटात सगळं कृष्णधवल आहे, फक्त ते चित्र काही वेळा रंगीत दिसतं. आयव्हन ऑलब्राइटने रंगवलेलं ते सडकं चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. ते जबरदस्तच आहे. पण एकदा ते पाहिलं की सगळ्या प्रेक्षकांच्या मनात एकच चित्र बसतं. पुस्तक वाचताना मात्र जितके वाचक तितकी चित्रं असतात.

मग १८९० चे वाचक एवढे का चिडले?

३० ऑगस्ट १८८९ रोजी लंडनच्या लँगहॅम हॉटेलात 'लिपिन्कॉट्स मंथली मॅगझिन' या अमेरिकी मासिकाचे संपादक जे. एम. स्टॉडार्ट यांनी दोन लेखकांना जेवायला बोलावलं. एक होता आर्थर कॉनन डॉयल. त्याच्याकडून शेरलॉक होम्सची दुसरी कादंबरी आली. दुसरा वाइल्ड. त्याची कादंबरी जुलै १८९० च्या अंकात एकाच वेळी पूर्ण छापली गेली.

'डेली क्रॉनिकल'ने तिला विषारी पुस्तक ठरवलं. 'स्कॉट्स ऑब्झर्व्हर'ने लिहिलं की वाइल्डला बहिष्कृत सरदार आणि बिघडलेल्या तारवाल्या पोरांसाठीच लिहायचं असेल, तर त्याने शिंप्याचा धंदा पत्करावा. हा टोमणा आज कळत नाही, तेव्हा मात्र लगेच कळला होता. १८८९ मध्ये लंडनच्या क्लीव्हलंड स्ट्रीटवरच्या एका घरात तारखात्यातली मुलं आणि वरच्या वर्गातले पुरुष यांच्या संबंधांचं प्रकरण उघडकीला आलं होतं. कादंबरीत यातलं काहीही लिहिलेलं नाही. समीक्षकाने रिकामी जागा गेल्या वर्षीच्या बातमीने भरली. डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकविक्रेत्या कंपनीने आपल्या स्टॉलवरून अंक मागे घेतला.

त्याच वेळी काही ख्रिस्ती नियतकालिकं याच मजकुराची नीतिकथा म्हणून स्तुती करत होती. अंक तोच, महिने तेच आणि निकाल दोन टोकांचे.

पुढे हे प्रकरण जिवावर बेतलं. वाइल्डने मार्क्वेस ऑफ क्वीन्सबरी या सरदारावर भरलेला बदनामीचा खटला एप्रिल १८९५ मध्ये उभा राहिला. क्वीन्सबरीच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर एडवर्ड कार्सन यांनी कादंबरीतले उतारे वाचून वाइल्डची उलटतपासणी घेतली. एका पात्राच्या तोंडची वाक्यं त्याच्या लेखकाविरुद्ध वापरली गेली. खटला कोसळला आणि वाइल्डलाच अटक झाली. पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या १८८५ च्या कायद्याखाली २५ मे १८९५ रोजी त्याला दोन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्याच शतकातलं, १८६० च्या भारतीय दंडसंहितेतलं कलम ३७७ आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांनाही लागू होतं. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला. वाचकाची प्रतिक्रिया ही नेहमीच खासगी आवडनिवड नसते, हे या पुस्तकाच्या बाबतीत तरी विसरता येत नाही.

तुमच्या हातातलं पुस्तक नेमकं कोणतं?

दोन वाचक भांडत असतात आणि दोघांनी वेगवेगळी पुस्तकं वाचलेली असतात, असं इथे खरोखर घडू शकतं. या कादंबरीची तीन रूपं आहेत.

मासिकातल्या १८९० च्या पाठात १३ प्रकरणं आणि जवळपास ५० हजार शब्द आहेत. एप्रिल १८९१ मध्ये पुस्तक निघालं, त्यात २० प्रकरणं आहेत. सध्याचं ३, ५, १५, १६, १७ आणि १८ ही सहा प्रकरणं वाइल्डने नव्याने लिहिली आणि शेवटच्या प्रकरणाची दोन केली. सूड घ्यायला निघालेला सिबिलचा भाऊ जेम्स व्हेन मासिकाच्या पाठात नाहीच. खुनाच्या वेळचं डोरियनचं वयही तिथे बत्तिशीला टेकलेलं आहे, अडतिशीला नाही. तिसरं रूप म्हणजे वाइल्डचं मूळ टंकलिखित. स्टॉडार्टने छापण्याआधी त्यातले सुमारे ५०० शब्द वाइल्डला न दाखवता कापले होते. तो पाठ निकोलस फ्रँकेल यांनी संपादित केला आणि २०११ मध्ये हार्वर्डने प्रसिद्ध केला.

सर्वांत मोठा फरक बॅझिलच्या कबुलीजबाबात आहे. मासिकात तो डोरियनला म्हणतो, की पुरुष मित्रावर सहसा जेवढा जीव लावतो त्याहून किती तरी उत्कटपणे मी तुझी पूजा केली. पुस्तकात हे वाक्य नाही. तिथे तो डोरियनच्या व्यक्तिमत्त्वाने आपला आत्मा, बुद्धी आणि शक्ती व्यापली होती, असं सांगतो, आणि भर चित्रकलेवर राहतो. कार्सननी न्यायालयात मुद्दाम मासिकातला पाठ वाचला होता.

म्हणून 'बॅझिलचं प्रेम वगैरे आजच्या वाचकांनी ओढूनताणून आणलंय' असं कुणी म्हटलं, तर आधी त्याने कोणता पाठ वाचलाय ते विचारावं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रती १८९१ च्या असतात. शाळकरी संक्षिप्त आवृत्त्या तर संवाद गाळून नुसतं कथानक ठेवतात आणि ही कादंबरी संवादांतच घडते.

'पण लॉर्ड हेन्री बोलतो ते वाइल्डचंच मत ना?'

ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. हेन्रीची वाक्यं चमकतात, ती वाइल्डच्याच तोंडी शोभतात आणि भिंतीवर लावायच्या सुविचारांत वाइल्डच्या नावाने फिरतात. 'मोहापासून सुटण्याचा एकमेव मार्ग म्हणजे त्याला शरण जाणं' हे वाक्य कादंबरीत दुसऱ्या प्रकरणात हेन्री बोलतो. ऐकणारा डोरियन आहे, आणि त्याने ते ऐकल्यावर काय होतं हे पुढची अठरा प्रकरणं दाखवतात.

मराठी वाचकाला इथे वेगळाच आवाज ऐकू येतो. महाभारतातला ययाती मुलाचं तारुण्य घेऊन भोगतो आणि अखेरीस म्हणतो, 'न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति'. म्हणजे उपभोगाने वासना शमत नाही, तुपाने अग्नी भडकावा तशी वाढत जाते. हेन्रीचं वाक्य त्याच्या नेमकं उलट आहे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' वाचून इथे येणारा वाचक पश्चात्तापाची आणि तारुण्य परत करण्याची वाट पाहतो. ययाती पुरूला तारुण्य परत देतो. डोरियनचं ओझं वाहणारं चित्र मात्र कुणाचा मुलगा नाही. त्याच्याकडे पाहून दया यावी असं काही नाही, आणि डोरियनला ती येतही नाही.

हेन्रीबद्दलचा सर्वांत नेमका निवाडा बॅझिल पहिल्याच प्रकरणात देतो: तू कधी नीतीचं बोलत नाहीस आणि कधी वाईट काही करत नाहीस, तुझा हा कडवटपणा नुसता आव आहे. हेन्री बोलतो, डोरियन ते करून पाहतो. एकोणिसाव्या प्रकरणात 'बॅझिलला मी मारलं असं म्हटलं तर?' या डोरियनच्या प्रश्नावर हेन्री म्हणतो की खून करणं तुझ्या स्वभावात बसत नाही, गुन्हे करणं हा खालच्या वर्गाचा प्रांत. ज्या माणसाला त्याने घडवलं, तो त्याला ओळखूच येत नाही.

वाइल्डने १८९४ च्या एका पत्रात लिहिलं होतं, की बॅझिल म्हणजे मी स्वतःला जसा समजतो तसा, हेन्री म्हणजे जग मला जसं समजतं तसा आणि डोरियन म्हणजे मला व्हावंसं वाटतं तसा, कदाचित दुसऱ्या एखाद्या काळात. लेखक तिघांत वाटला गेलाय. त्यातल्या एकालाच त्याचा वकील नेमू नये.

कादंबरीतच बसलेला एक वाचक

दहाव्या प्रकरणात हेन्री डोरियनला पिवळ्या वेष्टनातलं एक फ्रेंच पुस्तक पाठवतो. अकराव्या प्रकरणाची सुरुवातच अशी, की वर्षानुवर्षं डोरियनला या पुस्तकाच्या प्रभावातून सुटता आलं नाही. पहिल्या आवृत्तीच्या नऊ मोठ्या प्रती तो मागवतो आणि वेगवेगळ्या रंगांत बांधून घेतो, आपल्या त्या त्या वेळच्या मनःस्थितीला शोभाव्यात म्हणून. आपण जगण्याआधीच कुणीतरी आपलं चरित्र लिहून ठेवलंय, असं त्याला वाटतं.

हे प्रकरण बहुतेक जण चाळून पुढे जातात. संवाद जवळजवळ नाहीत. पानंच्या पानं अत्तरं, वाद्यं, रत्नं आणि भरतकामाच्या वर्णनांत जातात, आणि वाइल्डने यातला बराच माल रत्नांवरच्या आणि भरतकामावरच्या माहितीपर पुस्तकांतून उचललेला आहे. पण हे प्रकरण गाळलं तर अठरा वर्षं गळतात, आणि मग खून अचानक आल्यासारखा वाटतो. शिवाय कंटाळा हाच इथला अनुभव आहे. वस्तूंमागून वस्तू जमवत जाणारा माणूस आतून कसा रिकामा होतो, ते वाचकाला त्या लांबण्यातूनच कळतं. हे प्रकरण एकटंच, वेगळ्या दिवशी, सलग वाचावं.

त्या पिवळ्या पुस्तकाचा हिशोब एकोणिसाव्या प्रकरणात होतो. डोरियन हेन्रीला म्हणतो, तू मला एका पुस्तकाने विष दिलंस, ते पुन्हा कुणाला देऊ नकोस. हेन्री हसण्यावारी नेतो. कलेचा कृतीवर परिणाम होत नाही आणि जग ज्यांना अनीतिमान म्हणतं ती पुस्तकं जगाला त्याचीच लाज दाखवतात, असं तो सांगतो. वाचक इथे अडतो, आणि अडायलाच हवा. हेन्रीचं म्हणणं वाइल्डच्या प्रस्तावनेच्या जवळचं आहे. समोर बसलेला माणूस मात्र त्याविरुद्धचा जिवंत पुरावा आहे.

ती प्रस्तावना आधी मार्च १८९१ मध्ये 'फोर्टनाइटली रिव्ह्यू'मध्ये छापून आली. पुस्तक नैतिक किंवा अनैतिक नसतं, चांगलं लिहिलेलं किंवा वाईट लिहिलेलं असतं, हे तिच्यातलं प्रसिद्ध विधान. त्याला 'कलावाद' म्हणतात: कलाकृती कलेच्याच मापाने मोजावी, नीतीच्या नव्हे. ना. सी. फडके आणि खांडेकर यांच्यातल्या 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादामुळे मराठी वाचकाला ही जागा ओळखीची आहे, आणि बाजू घ्यायची सवयही. इथे घाई करू नये. प्रस्तावना हे आदल्या वर्षीच्या टीकाकारांना दिलेलं उत्तर आहे, कादंबरी लिहून झाल्यावर लिहिलेलं. ती आधी वाचली की वाचक सगळी कादंबरी त्या एका विधानाचा दाखला म्हणून वाचतो आणि शेवटाशी चक्रावतो. प्रस्तावना शेवटी वाचावी. तेव्हा तिच्यातलं दुसरं, कमी सांगितलं जाणारं वाक्य जास्त लागू पडतं: कला खरं तर जीवनाचं नाही, पाहणाऱ्याचं प्रतिबिंब दाखवते.

'शेवटी दुष्टाला शिक्षा होते. मग नीतिकथाच झाली की!'

वाइल्डने स्वतः १८९० मध्ये 'सेंट जेम्स गॅझेट'ला लिहिलं की यात एक भयंकर बोध आहे: कोणताही अतिरेक, आणि कोणताही त्यागसुद्धा, आपली शिक्षा घेऊन येतो. हा बोध येणं ही कलेच्या दृष्टीने चूक आहे आणि पुस्तकात तेवढी एकच चूक आहे, असंही त्याने पुढे म्हटलं. बोधातला त्यागाबद्दलचा अर्धा भाग लोक सोडून देतात.

आता हिशोब मांडून पाहा. सिबिल मेली, दोष प्रेमाचा. बॅझिल मेला, मित्राला वाचवायला गेला म्हणून. ॲलनने प्रयोगशाळेत स्वतःवर गोळी झाडली. जेम्स शिकाऱ्याच्या चुकलेल्या नेमाने गेला. ज्याने ठिणगी टाकली तो हेन्री शेवटी जिवंत आहे. बायको सोडून गेली एवढंच. असा हिशोब नीतिकथेत जुळत नाही. तरीही वाचकाला न्याय झाल्यासारखं वाटतं, कारण शेवटचा परिच्छेद फार नेटका आहे. त्या भावनेवर लगेच विश्वास ठेवू नये.

चांगुलपणातला आत्ममोह

माझ्या मते कादंबरीचं मर्म विसाव्या प्रकरणाच्या मध्यावर आहे. डोरियनने हेटी मर्टन या खेड्यातल्या मुलीला न नासवता सोडून दिलंय. एवढ्या वर्षांत केलेलं हे एक चांगलं काम. चित्रात सुधारणा दिसेल या आशेने तो दिवा घेऊन वर जातो आणि जांभळा पडदा ओढतो. चित्र सुधारलेलं नाही. डोळ्यांत नवा धूर्तपणा आहे, ओठांपाशी ढोंग्याची मुरड. हातावरचा लाल डाग वाढलाय. पायांवर रक्त आहे, जणू ठिबकलंय. ज्या हाताने सुरी धरली नव्हती त्या हातावरही आहे.

मग तो स्वतःला विचारतो, हेटीला सोडलं ते कशापोटी? थोड्या वेळाने उत्तर येतं: आत्ममोहापोटी. आपण चांगले आहोत हे पाहायचं होतं म्हणून. बहुतेक वाचक आत्ममोह म्हणजे रूपाचा गर्व एवढंच धरून चालतात. वाइल्डचा आरोप त्याहून खोल जातो. रूपाचा गर्व माणसाला वाईट वागायला लावतो हे जुनंच आहे. तोच गर्व चांगलं वागण्यालाही आरसा करून टाकतो, हे इथे नवीन आहे. आणि डोरियनला हे समजतं, तरी तो सुरी उचलतो, कारण चित्र हा एकमेव पुरावा उरलाय. समजणं आणि बदलणं यांत किती अंतर असतं, ते इतक्या थोड्या ओळींत दाखवलेलं मला दुसरीकडे क्वचितच दिसतं.

'ही तर सेल्फीच्या काळाची कादंबरी'

नाटकात कॅमेरे, पडदे आणि फोनचे फिल्टर वापरले आहेत, त्यामुळे ही तुलना सर्वत्र होते. ती अर्धीच बसते. फोनमध्ये चित्र सजवलेलं असतं आणि खरा चेहरा आरशात राहतो. कादंबरीत चेहरा खोटा आहे आणि खरं सांगतं ते चित्र. डोरियनला लोकांपुढे काहीही सजवावं लागत नाही. लोकच त्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवतात. बॅझिल तर बोलूनच दाखवतो, की पाप माणसाच्या चेहऱ्यावर उमटतं, म्हणून तुझ्याबद्दलच्या अफवा मला पटत नाहीत. आजच्या काळाला लागू पडेल ते हे: देखण्या माणसाला आपण आधीच निर्दोष धरून चालतो.

खटकतं ते खटकू द्यावं

सिबिलला कादंबरी फार थोडी जागा देते. ती डोरियनला सांगते की आतापर्यंत रंगमंच खरा होता, तुझ्यामुळे पडद्यांवरचा रंग दिसू लागला. कलेबद्दल कादंबरीतलं सर्वांत सरळ बोलणं तिचं आहे, आणि ते बोलल्याबद्दल तिला हाकललं जातं. दुसऱ्या दिवशी हेन्री म्हणतो की ती मुलगी कधी जगलीच नाही, म्हणून मेलीही नाही. इथे राग येणारा वाचक बरोबर वाचतोय. हेन्रीची बायकांबद्दलची शेलकी वाक्यंही विनोद म्हणून गिळायची गरज नाही.

थिएटरच्या ज्यू व्यवस्थापकाचं वर्णन उघड द्वेषाने केलेलं आहे. ते डोरियनच्या बोलण्यात येतं आणि सातव्या प्रकरणात निवेदनातही येतं, त्यामुळे सगळा दोष पात्रावर ढकलता येत नाही. त्या काळच्या इंग्रजी समाजात हा पूर्वग्रह सर्रास होता आणि वाइल्डने तो तपासून पाहिला नाही.

'मग कुणीही काहीही अर्थ काढावा का?'

नाही. रिकामी जागा कितीही मोठी असली तरी तिला चौकट असते. आपल्या मताला चार प्रश्न विचारावेत: हे कोणत्या प्रकरणात आहे, कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि त्यानंतर काय होतं? 'तारुण्यच सगळं काही, असं पुस्तक शिकवतं' हे मत घ्या. दुसरं प्रकरण, बोलणारा हेन्री, ऐकणारा डोरियन. विसाव्या प्रकरणात तोच डोरियन आपलं सौंदर्य म्हणजे मुखवटा आणि तारुण्य म्हणजे थट्टा होती असं म्हणतो. मत टिकलं नाही. 'चित्र म्हणजे सदसद्विवेक' हे मत टिकतं, कारण सुरी उचलण्याआधी डोरियनच्या मनात नेमकं तेच येतं. पण ते डोरियनचं म्हणणं आहे, एवढं ध्यानात ठेवून.

वाचनगटात घ्यायची असेल तर पाच बैठका पुरतात: १ ते ७, मग ८ ते १०, मग एकटं ११, मग १२ ते १४, शेवटी १५ ते २० आणि प्रस्तावना. १८९० चा आणि १८९१ चा, दोन्ही पाठ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आहेत. बॅझिलच्या कबुलीजबाबाची दोन्ही रूपं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. मासिकात तो प्रसंग सातव्या प्रकरणात आहे, पुस्तकात नवव्या.

चौदाव्या प्रकरणाच्या बैठकीत चर्चेआधी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. डोरियनने ॲलनला सरकवलेल्या कागदावर काय लिहिलं होतं ते न बोलता लिहायला सांगा आणि चिठ्ठ्या एकामागून एक वाचा. मग प्रत्येकाने आपल्या उत्तराला आधार देणारी ओळ पुस्तकातून काढून दाखवायची. ॲलनची डोरियनशी एके काळी गाढ मैत्री होती आणि ती एकाएकी तुटली, एवढं पुस्तक सांगतं. चिठ्ठीवर त्याहून जास्त जे काही असेल, त्याच्यापासून चर्चा सुरू करा.